रक्तातील मेद सांगतो मद्यपानाचा हिशेब

द्रोणागिरी (नवी मुंबई) : पोटाच्या सोनोग्राफीचा अहवाल हाती येतो आणि त्यात 'फॅटी लिव्हर' हे दोन शब्द असतात. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, "मद्य घेता का?" उत्तर बहुधा ठरलेले असते : "कधीतरी, कंपनीपुरते." या 'कधीतरी'चा अर्थ महिन्यातून एकदा, आठवड्यातून एकदा की रोज संध्याकाळी, हे डॉक्टरांना कळत नाही. पुष्कळदा ते रुग्णाच्या पत्नीलाही नेमके ठाऊक नसते. उपचारांची दिशा मात्र या एका उत्तरावर अवलंबून असते. कारण यकृतात साठलेली चरबी मद्यामुळे आली आहे, की वाढलेले वजन आणि मधुमेह यांमुळे, हे केवळ सोनोग्राफीवरून सांगता येत नाही.

या प्रश्नाचे उत्तर रक्तातच लिहिलेले असते, असे वैद्यकशास्त्र आता सांगते. मद्य पोटात गेल्यानंतर शरीरात एक विशेष प्रकारचा मेद तयार होतो. त्याचे नाव फॉस्फॅटिडिल इथेनॉल, संक्षेपाने 'पेथ'. मद्याचा अंश रक्तातून काही तासांत नाहीसा होतो, हा मेद मात्र दोन ते चार आठवडे रेंगाळतो. त्याचे प्रमाण मोजले, की मागील काही आठवड्यांत किती मद्य रिचवले गेले, याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो.

उरणच्या भट्ट्या ते अटल सेतू

मद्य आणि त्यावरील नियंत्रण हा विषय द्रोणागिरीच्या परिसराला नवा नाही. सिडकोने वसविलेला द्रोणागिरी नोड रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात येतो. एकोणिसाव्या शतकात उरण हे मोहाच्या दारूचे मोठे केंद्र होते. त्या काळी हा भाग ठाणे जिल्ह्यात मोडत असे. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये येथील दारूभट्ट्यांची नोंद आहे. येथे गाळलेली दारू खाडी ओलांडून मुंबईला जात असे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्यावर आणि विकण्यावर सरकारची पकड घट्ट झाली. १८९२ च्या मोहासंबंधीच्या कायद्याने तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आले.

सरकारचा त्या काळचा सारा हिशेब गॅलनांत आणि महसुलात होता. दारू पिणाऱ्याच्या शरीरात काय घडते, याचा हिशेब ठेवण्याचे साधनच कोणाजवळ नव्हते.

आज चित्र वेगळे आहे. १९८९ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि या परिसराचा कायापालट झाला. कंटेनर यार्ड, गोदामे, रात्रंदिवस धावणारे ट्रेलर ही त्याची ओळख बनली. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू आणि उरणपर्यंतची उपनगरी रेल्वे सुरू झाल्यानंतर मुंबईशी असलेले अंतर आणखी कमी झाले. अवजड वाहतूक, पाळ्यांमधील काम आणि घरापासून दूर राहणारा श्रमिक वर्ग जेथे एकवटतो, तेथे मद्यपानाचा प्रश्न केवळ खासगी राहत नाही. रस्त्यावरची सुरक्षितता आणि कुटुंबाची मिळकत या दोहोंशी तो जोडला जातो. आणि तो केवळ वाहनचालकांचा प्रश्नही नाही. नव्या इमारतींत राहणाऱ्या, वातानुकूलित कार्यालयांत काम करणाऱ्या नोकरदारांच्या आरोग्य तपासणीतही 'फॅटी लिव्हर' हे शब्द तितक्याच सहजपणे उमटतात.

एका 'क्वार्टर'चे गणित

मद्याचा शरीरातील प्रवास समजण्यासाठी आधी प्रमाण ध्यानात घ्यावे लागते. भारतात मिळणाऱ्या व्हिस्की, रम यांसारख्या कडक मद्यात सामान्यतः ४२.८ टक्के अल्कोहोल असते. १८० मिलिलिटरच्या 'क्वार्टर'मध्ये सुमारे ६१ ग्रॅम, तर ९० मिलिलिटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येते. ८ टक्क्यांच्या 'स्ट्राँग' बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत ते सुमारे ४१ ग्रॅम असते. 'बिअर म्हणजे काही दारू नव्हे' हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही.

अल्कोहोलच्या एका ग्रॅमपासून ७ कॅलरी मिळतात. म्हणजे एका क्वार्टरमधून सुमारे ४२५ कॅलरी शरीरात जातात. सोबतचा चकणा वेगळाच.

यातील बहुतांश अल्कोहोल यकृतात जाळले जाते. त्याचे आधी ॲसिटाल्डिहाइड या विषारी द्रव्यात आणि नंतर ॲसिटेटमध्ये रूपांतर होते. रक्तातील अल्कोहोल ताशी साधारणपणे १०० मिलिलिटरमागे १५ मिलिग्रॅम या गतीने कमी होत जाते. मध्यरात्री १२० मिलिग्रॅम असलेले प्रमाण सकाळी आठच्या सुमारास शून्यावर येते. त्यानंतर रक्त तपासूनही अल्कोहोल सापडत नाही.

परंतु अल्कोहोलचा एक अगदी लहान अंश या राजमार्गाने जात नाही. तो शरीरातील मेदांशी थेट जोडला जातो आणि स्वतःची खूण मागे ठेवतो.

'पेथ' कसे तयार होते?

शरीरातील प्रत्येक पेशीभोवती मेदाचे एक पातळ आवरण असते. त्याला पेशीपटल म्हणतात. फॉस्फॅटिडिल कोलीन, म्हणजेच लेसिथिन, हा त्यातील प्रमुख घटक. फॉस्फोलायपेज-डी नावाचे विकर एरवी पाण्याच्या रेणूच्या साहाय्याने या घटकाचे विघटन करते आणि फॉस्फॅटिडिक आम्ल तयार होते. हे आम्ल पेशीच्या आतील अनेक कामांत निरोप्याची भूमिका बजावते.

रक्तात अल्कोहोल असेल तर हे विकर फसते. पाण्याऐवजी ते अल्कोहोलचा रेणू उचलते आणि तो मेदाला जोडून देते. अशा रीतीने तयार झालेला पदार्थ म्हणजे फॉस्फॅटिडिल इथेनॉल. अल्कोहोल नसेल तर तो तयार होत नाही. या चाचणीचे सारे सामर्थ्य या एका गोष्टीत आहे.

स्वीडनमधील लुंड येथील क्रिस्टर ॲलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये अल्कोहोल दिलेल्या उंदरांच्या अवयवांत हा वेगळा मेद प्रथम नोंदविला. १९९७ मध्ये त्याच संशोधकांच्या गटाने मद्यासक्त पुरुषांच्या रक्तातील त्याचे प्रमाण मद्यपानाची खूण म्हणून वापरता येईल, असे मांडले. मद्य थांबविल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत तो रक्तात सापडत होता. 'पेथ' हा एकच रेणू नसून त्याचे ४८ उपप्रकार रक्तात आढळले आहेत. त्यांपैकी सर्वाधिक प्रमाणात असलेला उपप्रकार आज जगभर मोजला जातो. रक्तातील 'पेथ' मुख्यत्वे लाल पेशींच्या पटलात असते, म्हणून चाचणीसाठी केवळ रक्तद्रव चालत नाही, पूर्ण रक्त लागते.

मेदपेशी : केवळ कोठार नव्हे

अल्कोहोलपासून तयार होणारा दुसरा मेदगट म्हणजे मेदाम्लांचे इथाइल एस्टर. अमेरिकी संशोधक एलिझाबेथ लापोसाटा आणि लुई लँग यांनी १९८६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात या विषयावरील शोधनिबंध प्रसिद्ध केला. अति मद्यपानाने ज्या अवयवांची हानी होते, त्या स्वादुपिंड, यकृत यांसारख्या अवयवांत हे एस्टर साठतात, असे त्यातून पुढे आले. चरबीच्या ऊतीतही ते आढळतात.

चरबीची ऊती म्हणजे कंबरेभोवतीचे निरुपयोगी ओझे, अशी सर्वसामान्य समजूत आहे. प्रत्यक्षात मेदपेशी ही एक ग्रंथीच आहे. ती लेप्टिन आणि ॲडिपोनेक्टिन यांसारखी संप्रेरके रक्तात सोडते आणि भूक, साखर, यकृत, रक्तवाहिन्या यांच्याशी अखंड संवाद साधते. दीर्घकाळच्या अति मद्यपानाने या संवादात बिघाड होतो.

पहिला बिघाड साठवणीचा. मेदपेशींनी चरबी धरून ठेवावी, ही अपेक्षा असते. मद्याच्या दीर्घ माऱ्याखाली त्या चरबीचे विघटन करून मेदाम्ले रक्तात सोडू लागतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगात संशोधकांनी चरबीवर विशेष खूण केली होती. पुढे तीच खूण केलेली चरबी यकृतात साठलेली सापडली. यकृतातील चरबी केवळ तेथेच तयार होत नाही, तर शरीराच्या अन्य भागांतील कोठारांतून तेथे वाहून आणली जाते, असा त्याचा अर्थ. बारीक अंगकाठीच्या, हातपाय काटकुळे झालेल्या मद्यपीचे यकृत चरबीने भरलेले का असते, या कोड्याचा उलगडा काही अंशी येथे होतो.

दुसरा बिघाड संप्रेरकांचा. ॲडिपोनेक्टिन हे यकृताचे रक्षण करणारे संप्रेरक मानले जाते. २००३ मधील एका प्रयोगात ते बाहेरून दिल्यावर उंदरांतील मद्यजन्य फॅटी लिव्हरची तीव्रता कमी झाली. प्राण्यांना दीर्घकाळ मद्य दिल्यास मेदपेशींतून स्रवणारे ॲडिपोनेक्टिन घटते, असेही प्रयोगांत दिसले आहे. माणसांत मात्र माफक मद्यपानानंतर ते काहीसे वाढल्याच्याही नोंदी आहेत. मात्रा आणि कालावधी यांनुसार परिणाम बदलतो, हे त्यावरून दिसते.

तिसरा मुद्दा खुद्द 'पेथ'चा. अल्कोहोलमुळे विकराची वाट चुकली, की फॉस्फॅटिडिक आम्ल कमी तयार होते आणि पेशीच्या आतील निरोप अडखळू शकतो. मेदपेशीत इन्शुलिनच्या हाकेला ओ देऊन साखर आत घेण्याच्या प्रक्रियेत हेच विकर सहभागी असते, हे २००५ मध्ये दिसून आले. शिवाय 'पेथ' रक्तातील कोलेस्टेरॉलवाहक कणांमध्येही शिरते. फिनलंडमधील ऊलू येथील संशोधकांनी २००४ मध्ये दाखविल्यानुसार, असे 'पेथ'युक्त कण रक्तवाहिन्यांच्या वाढीला चालना देणाऱ्या एका प्रथिनाचे प्रमाण वाढवितात. 'पेथ' ही केवळ मागे राहिलेली खूण नसून शरीरात स्वतः काही घडवून आणणारा पदार्थ आहे, या विचाराला त्यामुळे बळ मिळाले. हे सारे निष्कर्ष मुख्यतः प्रयोगशाळेतील पेशी आणि प्राणी यांच्यावरचे आहेत, हे येथे विसरून चालणार नाही.

या संदर्भात एका लोकप्रिय समजाचाही विचार करावा लागतो. मद्याने 'चांगले कोलेस्टेरॉल' वाढते, असे अनेकदा अभिमानाने सांगितले जाते. एचडीएलचा आकडा मद्यामुळे वाढतो, हे खरे. मात्र आकडा वाढला म्हणजे हृदयाला संरक्षण मिळाले, असे होत नाही. त्याच अहवालात ट्रायग्लिसराइडही वाढलेले असू शकते. आरोग्याच्या दृष्टीने मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

जुन्या चाचण्या आणि त्यांच्या मर्यादा

आजवर मद्यपानाचा अंदाज घेण्यासाठी यकृताच्या नेहमीच्या चाचण्यांवरच भिस्त असे. जीजीटी हे विकर मद्याने वाढते, पण ते लठ्ठपणाने आणि काही औषधांनीही वाढते. एसजीओटीचा आकडा एसजीपीटीच्या दुपटीहून अधिक असल्यास मद्यजन्य विकाराचा संशय बळावतो, पण सुरुवातीच्या अवस्थेत हे आकडे नेहमीसारखेच असू शकतात. लाल पेशींचा आकार वाढणे ही आणखी एक खूण, परंतु लाल पेशी सुमारे १२० दिवस जगत असल्याने ती उशिरा उमटते आणि उशिराच पुसली जाते. लघवीतील इथाइल ग्लुकुरोनाइड मद्याची नेमकी साक्ष देते, पण जेमतेम तीन दिवसांपुरतीच.

'पेथ' या सर्वांच्या मधली जागा भरून काढते. ते केवळ मद्यापासूनच तयार होते, काही आठवडे टिकते आणि यकृताच्या आजारामुळे त्याच्या आकड्यात फारसा फरक पडत नाही.

आकडा काय सांगतो?

२०२२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बासेल येथे झालेल्या तज्ज्ञांच्या सहमतीनुसार, एक मिलिलिटर रक्तात २० नॅनोग्रॅमपेक्षा कमी 'पेथ' असल्यास ते मद्यापासून दूर राहण्याशी सुसंगत मानले जाते. २०० नॅनोग्रॅम किंवा त्याहून अधिक असल्यास दीर्घकाळच्या अति मद्यपानाकडे ठळक निर्देश होतो. मधला टप्पा कमी-अधिक मद्यपानाचा.

रक्तातील 'पेथ' निम्मे होण्यास साधारणपणे ४ ते १० दिवस लागतात. समजा, एखाद्याचा आकडा ४०० आहे आणि त्याने मद्य पूर्णपणे थांबविले. आठवड्याला निम्मे या गतीने तो पहिल्या आठवड्याअखेर २००, दुसऱ्याअखेर १००, तिसऱ्याअखेर ५० आणि चौथ्याअखेर २५ वर येईल. दोन चाचण्यांमध्ये आकडा घसरला नाही, तर मद्य थांबलेले नाही, हे शब्दांविनाच कळते. तपासणीच्या आदल्या दोन दिवशी संयम पाळून भागणार नाही, ते यामुळेच.

तरीही ही चाचणी निर्दोष नाही. सारखेच मद्य घेणाऱ्या दोघांचे आकडे बरेच वेगळे असू शकतात, त्यामुळे आकड्यावरून नेमके पेग मोजता येत नाहीत. बाहेरून रक्त चढविलेल्या रुग्णात रक्तदात्याचे 'पेथ' सापडू शकते. रक्त घेतेवेळी त्यात अल्कोहोल असेल आणि नमुना नीट साठविला नाही, तर नळीतही 'पेथ' तयार होत राहते. चाचणीसाठी लागणारी वर्णलेखन आणि वस्तुमान मापनाची यंत्रणा महाग असल्याने नेहमीच्या आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये तिचा समावेश नसतो.

कायदा काय मोजतो?

महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. त्याच्या कलम ६६ नुसार, रक्तात ०.०५ टक्के किंवा अधिक अल्कोहोल आढळल्यास आपण औषधी द्रव्यच घेतले होते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर येते. १९५९ च्या नियमांत रक्तनमुना कसा घ्यावा, हे बारकाईने सांगितले आहे. नमुना घेताना कोणत्याही टप्प्यावर अल्कोहोलचा स्पर्श होऊ नये, ही त्यातील एक अट. सुई टोचण्यापूर्वी स्पिरिटचा बोळा फिरविण्याच्या सवयीला येथे मज्जाव आहे. वाहनचालकांसाठी १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ आहे. त्यातील मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्हींची तरतूद झाली.

या दोन्ही कायद्यांचा भर त्या क्षणी रक्तात असलेल्या अल्कोहोलवर आहे आणि तेथेच वेळेचे महत्त्व कळते. १९ मे २०२४ रोजी पहाटे पुण्यातील कल्याणीनगरमध्ये भरधाव मोटारीने दोघा तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. त्या प्रकरणात अल्पवयीन चालकाचा रक्तनमुना अपघातानंतर काही तासांनी घेतला गेला आणि नंतर तो बदलला गेला, असा पोलिसांचा आरोप आहे. एका नळीवर खटल्याचे भवितव्य किती अवलंबून असते, हे त्यावरून राज्याने पाहिले.

अशा वेळी 'पेथ' कामी आले असते का? उत्तर सावधपणे द्यावे लागते. 'पेथ' गेल्या काही आठवड्यांचे मद्यपान सांगते, अपघाताच्या क्षणी चालक नशेत होता की नाही, हे सांगत नाही. आदल्या आठवड्यात घरी मद्य घेतलेला चालक त्या दिवशी पूर्ण शुद्धीत असू शकतो. म्हणून श्वासचाचणीला किंवा वेळेत घेतलेल्या रक्तनमुन्याला ते पर्याय ठरू शकत नाही. स्वीडन, स्वित्झर्लंड यांसारख्या देशांत मद्यपानामुळे गमावलेला वाहन परवाना परत देण्यापूर्वी चालकाच्या सवयीची पडताळणी करण्यासाठी मात्र अशा चाचण्यांचा उपयोग होतो.

उपयोग कोणाला, धोका कोठे?

सर्वांत मोठा उपयोग यकृतविकारात आहे. २०२३ मध्ये फॅटी लिव्हरचे नवे वर्गीकरण जगभर स्वीकारले गेले. त्यात चयापचयातील बिघाडामुळे होणारा, मद्यामुळे होणारा आणि दोन्हींच्या मिश्रणाचा, असे भेद करण्यात आले. मिश्र गटासाठी पुरुषांत दिवसाला सरासरी ३० ते ६० ग्रॅम आणि स्त्रियांत २० ते ५० ग्रॅम अल्कोहोल, अशी सीमा आखली आहे. म्हणजे रोजचे 'नाइंटी' घेणारा मधुमेही पुरुष या गटाच्या उंबरठ्यावर उभा असतो. रुग्णाचे 'कधीतरी' नेमके किती, हे समजल्याविना हे वर्गीकरण कागदावरच राहते. यकृत प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीतील रुग्णांच्या बाबतीतही हा प्रश्न कळीचा असतो. तेथे दान मिळालेला अवयव दुर्मिळ आहे आणि रुग्णाची प्रामाणिकता प्राणाशी निगडित आहे.

धोका आहे तो गैरवापराचा. कामाबाहेरच्या वेळेत घेतलेले मद्यही या चाचणीत उमटते. कामगाराच्या किंवा चालकाच्या संमतीविना ही चाचणी करून तिच्या आधारे त्याला घरी बसविले गेले, तर वैद्यकीय साधनाचे रूपांतर पाळतीच्या साधनात होईल. शिवाय पकडले जाण्याच्या भीतीने रुग्ण डॉक्टरांपासून दूर पळेल. मद्यासक्ती हा आजार आहे आणि चाचणीचा हेतू उपचार हाच असला पाहिजे.

उपचारांच्या बाबतीत एक इशारा महत्त्वाचा आहे. दीर्घकाळ रोज भरपूर मद्य घेणाऱ्याने ते एकाएकी थांबविल्यास झटके येणे, भ्रम होणे असे जिवावर बेतणारे प्रकार घडू शकतात. त्यामुळे घरच्यांनी बाटली फोडून प्रश्न सोडविण्याऐवजी वैद्यकीय देखरेखीखाली मद्य सोडविणे हिताचे. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ या क्रमांकावर, तर मानसिक आरोग्यासाठीची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण केंद्राने व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता रुग्ण मानण्याचा धडा महाराष्ट्राला घालून दिला आहे.

उरणजवळच्या द्रोणागिरी डोंगराची आख्यायिका संजीवनीशी जोडली जाते. मारुतीने नेलेल्या पर्वताचा एक तुकडा येथे पडला, अशी लोकांची श्रद्धा. यकृतापाशी मात्र स्वतःला सावरण्याची मोठी शक्ती निसर्गानेच दिलेली असते. मद्य वेळीच थांबले, तर सुरुवातीच्या टप्प्यातील फॅटी लिव्हर बहुतांश रुग्णांत काही आठवड्यांत ओसरू लागते. सिरॉसिसच्या टप्प्यावर मात्र ही वाट अरुंद होत जाते. 'कधीतरी' या शब्दामागचे खरे प्रमाण जितक्या लवकर कळेल, तितके ते रुग्णाच्या हिताचे आहे.